दहापैकी

मध्यरात्रीपर्यंत गुण द्यायचेत.
संपादक श्चेपान दर तासाला विचारतो, झालं का,
मी दर तासाला म्हणते, होतंय.
बितोममध्ये चौथ्या मजल्यावर, हीटरवर मोजे वाळत टाकून
या आठवड्यात मी तीनदा जग वाचवलं,
एकदा बुडवलं,
भांडी अजून तशीच पडलीत.

त्या महाकाय घोडेस्वारीबद्दल लिहून टाकलं:
एकशे चाळीस गुहा, प्रत्येक गुहेत पेटी,
प्रत्येक पेटीत आधीपेक्षा तसूभर धारदार तलवार.
वाढप्याचा हात थांबत नाही
आणि पानावरच्याला भूक आहे का, कुणी विचारत नाही.
सहा.

शर्यतीच्या खेळात वायपरखाली साचणारा बर्फाचा चिखल
इतका खरा, की गाडी कडेला लावून बघत बसले.
शेवटची आले. नऊ दिले.
(श्चेपान म्हणाला, वेगाबद्दल एक तरी वाक्य घाल.)

युद्धाच्या खेळात मेलेले
दहा सेकंदांत विरून जातात, जमीन लख्ख.
मारायला सत्तावीस बंदुका,
पुरायला एक फावडं नाही.
हे वाक्य मला फार आवडलं, म्हणून संशय आला,
म्हणून खोडलं. मग परत लिहिलं.

आणि ती शेती, जिथे भोपळा तीन दिवसांत धरतो,
जिथली दुकानदारीण रोज एकच वाक्य बोलते.
अकराव्या दिवशी ती म्हणाली,
'आलीस? बरं झालं.'
ठाऊक आहे मला, कुणीतरी पगारावर बसून लिहिलेली ओळ आहे ती.
तरी मी उठून उगाच खिडकीपर्यंत जाऊन आले.
याला गुण कुठल्या रकान्यात देतात?

राहिला खाणीचा खेळ.
माझं टिपण तयार होतं: चित्रं देखणी, आवाज उत्तम,
मधल्या सुट्टीत तिघं बसून पाव खातात
तो प्रसंग लांबण. कापायला हवा होता.

तेवढ्यात बाबा आले, सुपाचं पातेलं घेऊन.
अलोयझी, एकतीस वर्षं जमिनीखाली,
आता दोन जिने चढले की कठडा धरून उभे राहतात.
कंट्रोलर उलटा धरला. मी सुलटा करून दिला.
दहा मिनिटांनी म्हणाले, काळोख चुकलाय.
हा निळा आहे. निळ्यात दिसतं.
आमचा दिवा गेला की
डोळे उघडे आहेत की मिटलेले
ते बोट लावून बघावं लागायचं.

मग छत कोसळलं. पडद्यावर आलं: पुन्हा प्रयत्न करा.
त्यांनी केला. परत कोसळलं.
चौथ्या खेपेला ते त्या बटणाकडे
इतका वेळ बघत राहिले, की सुपावर साय धरली.
'एर्विन' असं काहीतरी म्हणाले,
किंवा नुसता खाकरा असेल.

मग विचारलं, मागे जाता येतं का गं?
कोसळण्याच्या आधी नाही. त्याच्याही आधी.
ते पाव खातात तिथे.

येतं. मी नेलं.
तिघं बसलेले, एकाच्या डब्यात काकडी,
दुसरा त्याच्या सासूची नक्कल करतोय,
तिसरा काही बोलत नाही, फक्त कड मोडून देतो.
बाबांनी काहीच दाबलं नाही.
प्रसंग संपला, मला बघितलं, मी परत नेलं.
सातव्या वेळी सासूच्या नकलेवर ते हसले,
पुढचं वाक्य पाठ झालं होतं त्यांना.

फोन वाजला. झालं का?
मी 'लांबण' खोडलं. पुढे काय लिहावं सुचेना.
बाबांना विचारलं, किती देऊ?
पडद्यावरून नजर न काढता म्हणाले,
सहा. काळोख चुकलाय तो चुकलाच,
त्यांना सोडायचं नाही.

आणि भोंगा व्हायच्या आत
मला परत मागे ने.